जुन्या जुवाचं स्टूल

साल दोन हजार बावीस. माझं वय तेव्हा अडुसष्ट. आधार कार्डावर सत्तर आहे, पण ते शाळेतल्या गुरुजींनी अंदाजानं टाकलेलं. माय सांगायची तो हिशोब वेगळा होता आणि मी मायेचाच धरतो. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, तीही गुरं राखायला दुसरं कुणी असेल त्याच दिवशी. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं कुठं लिहिणं वाकडं गेलं तर सांभाळून घ्या.

त्या वर्षी मी सुतारकी शिकलो. कुणा सुताराच्या हाताखाली नाही. टीव्हीत आणि मोबाइलात बघून.

आता परत तीच थंडी पडली आहे. सकाळी दाराबाहेर आलं की तुरीच्या शेंगांचा हिरवट वास येतो. कापसाची शेवटची बोंडं दवानं जड होऊन खाली मान घालून असतात. गल्लीत कुणीतरी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवलेल्या असतात आणि त्यांचा धूर वर जात नाही, जमिनीला धरून रांगत येतो. त्या धुरात मला बाभळीच्या भुशाचा वास येतो. तो यायचं काही कारण नाही. माझी करवत गंजली, रंधा कुठं टाकला तेही आठवत नाही. तरी येतो. माणूस थकला की त्याचं नाकसुद्धा पुढचं सोडून मागचं हुंगत बसतं.

ते स्टूल मात्र आहे. आता ते गजाननच्या मायच्या खाटेजवळ असतं. त्याच्यावर तिच्या गोळ्यांचा डबा, पाण्याचा तांब्या आणि तिचा चष्मा. दुपारी मी तिच्याजवळ बसतो तेव्हा माझा अंगठा आपोआप स्टुलाच्या एका पायावर फिरतो. लाकूड कोरायची पटाशी घसरून तिथं खड्डा पडला आहे. दुसऱ्या कुणाला तो दिसायचा नाही. माझ्या अंगठ्याला बराबर सापडतो.

गजाननची माय म्हणजे माझी बायको. लग्नापासून मी तिला नावानं हाक मारली नाही, तर इथं कागदावर कशाला मारू?

त्या वर्षी दिवाळी झाली आणि तिचे गुडघे वाकायचे बंद झाले. आधी नुसते दुखायचे, मंग सुजले, मंग एके दिवशी ती चुलीपुढून उठायला गेली आणि अर्ध्यातच राहिली. ना खाली बसता येई ना वर उठता येई. सूनबाईनं, मनीषानं, काखेत हात घालून उचललं. परतूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आता जमिनीवर बसायचं बिलकुल बंद.

आमची चूल अंगणात, पत्र्याच्या सपराखाली, जमिनीवर. जन्मभर तिनं तिथंच भाकरी थापली. मनीषा गुणाची पोरगी. काही न बोलता तिनं सगळा सैपाक घरातल्या गॅसवर घेतला. ओट्याशी उभी राहून ती भाकरी थापते, पातळ, गोल, नाव ठेवायला जागा नाही. पण एका दुपारी मी गोठ्यात गाईला पेंड घालत होतो आणि घरातून आवाज आला.

“मनीषा, वाढतीस का गं मला?”

माझा हात पेंडीतच राहिला. जिनं खळ्यावरच्या वीस-वीस माणसांना वाढलं, जिनं मला कधी ‘भूक लागली’ म्हणू दिलं नाही, ती स्वतःच्या घरात पाव्हणीसारखं विचारत होती. त्या दिवसापासून मी बघायला लागलो. ती अर्धीच भाकरी घ्यायची. ताट पुढं आलं की आधी सुनेकडं बघायची, मंग खायची. मनीषा म्हणायची, “आत्या, घ्या की अजून,” तर म्हणायची, “बास गं, म्या काय काम करते?”

गजानन जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात आहे. तिकडंच खोली करून राहतो, सुट्टीला येतो. त्याचा फोन आला. “आबा, संक्रांतीला सुट्टी काढतो. अंगणात सिमेंटचा कोबा करून घेऊ. ती चूल काढून टाकू, माय कुठं बसून राह्यली आता तिथं?”

पोरगं चुकीचं बोललं नव्हतं. पण फोनचा आवाज मोठा होता आणि ती दारातच खाटेवर बसून दाणे पाखडत होती. सूप एकदम थांबलं. मंग परत हलायला लागलं, पण त्या पाखडण्याला ताल राहिला नव्हता.

मी म्हणलं, “कोब्याचं मंग बघू.”

बघू म्हणलं खरं, पण हातात काय होतं? गजाननानं दिलेली एक प्लास्टिकची खुर्ची होती. ती चुलीजवळ ठेवून पाहिली तर आगीच्या बाजूचा पाय मेणासारखा वाकला आणि सगळ्या गल्लीत घाण वास सुटला. माझा दोस्त किसन शेजारीच राहतो. तो म्हणला, “लोखंडाचं स्टूल आन की वेल्डिंगवाल्याकडून.” मी म्हणलं, “आगीपाशी लोखंड तापत न्हाई का? माणूस बसवायचंय, पापड न्हाई भाजायचा.” लाकडाचंच पाहिजे होतं. गावात लाकडाचं करणारं कुणी उरलं नव्हतं. बळीराम सुतार होता तोवर तिफणीपासून पाळण्यापर्यंत सगळं त्याच्या पडवीत व्हायचं. तो गेला. त्याची पोरं शटर आणि गेट बनवतात.

त्याच दिवसांत दुपारी टीव्हीवर एक गोरा माणूस लागायचा. मोठी शेडसारखी जागा, भिंतीवर हत्यारं ओळीनं टांगलेली, आणि हा एकटा खुर्ची करतोय. हिंदीत बोलायचा, पण ओठ वेगळेच हलायचे. बोलणं संपलं तरी तोंड चालू, नाहीतर तोंड मिटलं तरी बोलणं चालू. अर्ध्या तासात, जाहिराती धरून, खुर्ची तयार. वर बसून दाखवायचा आणि हसायचा.

मी म्हणलं, हे आपल्याला कामून जमू नये?

गजाननची माय मागं खाटेवर बसून बघायची. ती म्हणली, “त्या गोऱ्याला बायको न्हाई का? सारा दिस लाकडंच कापून राह्यला.”

“असंल की.”

“मंग त्यो भुसा कोन झाडतं?”

टीव्हीत भुसा कुणी झाडताना कधी दिसला नाही.

मनीषानं मोबाइलात आणखी दोघं काढून दिले. एक हिंदी बोलणारा, राजस्थानकडचा असावा. लई बोलायचा. दर दोन वाक्यांमागं “बहुत आसान है” म्हणायचा. दुसरा मला जास्त आवडला. तो बोलायचाच नाही. त्याचं तोंडसुद्धा कधी दिसलं नाही. नुसते दोन हात, एक टेबल, आणि लाकडावरून रंधा फिरल्याचा सर्र सर्र आवाज. कोणत्या देशातला होता कुणास ठाऊक. हाताच्या शिरा माझ्यासारख्याच वर आलेल्या. म्हातारा असणार. मी मनात त्याला ‘बिनबोल्या’ म्हणायचो.

बळीरामच्या बायकोकडून पटाशी, करवत आणि रंधा आणला. म्हणली, “घेऊन जा तात्या, गंजून राह्यलेत.” हत्यारांच्या मुठी बळीरामच्या हातानं झिजलेल्या होत्या. माझा हात त्या झिजेत बसेना. त्याची बोटं बारीक असावीत. इतकी वर्षं त्याच्या पडवीत विडी ओढत बसलो, पण त्याच्या बोटांकडं कधी बघितलं नव्हतं.

लाकडाचा प्रश्न आला तेव्हा मी गोठ्यात वर बघितलं. खुंटीवर जू टांगलेलं होतं. बाभळीचं. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, गाडी मोडली, जू राहिलं. बैलांच्या मानेवर घासून त्याच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत खळगे पडले होते, तूप चोळल्यासारखे. खाली काढलं तर कोळ्याचं जाळं माझ्या तोंडावर आलं.

किसन आल्ता. तो बघतच राहिला. “तात्या, जू कापून राह्यलास? परत बैलं घ्यायची न्हाईत का?”

“घ्यायला मी हाय का तवर?”

तो हसला. मी हसलो नाही. करवत लावली.

व्हिडिओतलं लाकूड पांढरं असतं, नरम असतं. करवत त्यात पावात सुरी जावी तशी जाते. आमची वाळलेली बाभूळ तसली नाही. एक तुकडा पडेस्तोवर करवतीचं पातं हात लावू नये इतकं तापलं. खांदा भरून आला. थंडीच्या दिवसात बनियन भिजलं. राजस्थानवाला मोबाइलातून सांगत होता, आसान है. मी मोबाइल पालथा घालून ठेवला.

जुवाच्या चार तुकड्यांचे चार पाय करायचे आणि मोडक्या गाडीच्या जुन्या फळीची बैठक, असं ठरवलं होतं. खिळे नको होते. बिनबोल्या खिळा मारत नाही. तो फळीत चौकोनी भोक पाडतो, पायाचं टोक तासून त्यात बसवतो, वरून एक टोला, झालं. त्याचं भोक चौकोनी पडायचं. माझं भोक उंदरानं कुरतडल्यासारखं. पाय आत घातला की लटलट हलायचा. काढायचा, पाचर ठोकायची, परत घालायचा, परत हलायचा. पटाशी घसरून अंगठा फाटला तेव्हा हळद भरली आणि परत बसलो. मनीषा म्हणली, “मामा, राहू द्या ना आता.” मी तिच्याकडं बघितलं, ती आत गेली.

एकदा मात्र मला राग आला. मी बिनबोल्याच्या व्हिडिओतला तोच तुकडा बघून राह्यलो होतो, परत परत, पाय कसा बसतो तो. त्याचा बसतो. माझा बसत नाही. मी मोबाइल उचलला, त्याचं तोंड माझ्या लाकडाकडं फिरवलं आणि म्हणलं, “हे बघ. हे बघ काय झालंय!”

मागून गजाननची माय हसली. किती दिवसांनी हसली होती. “त्यो बगतोय व्हय तुमाला?”

नव्हता बघत. हेच तर होतं. बळीरामच्या पडवीत त्याचं पोरगं शिकायचं तेव्हा मी बघितलेलं आहे. बळीराम स्वतःचं काम करता करता, मान वर न करता म्हणायचा, “हात तिरपा जातोय.” आवाजावरून ओळखायचा. या मोबाइलातल्या माणसाला मी हजार वेळा बघितलं, त्याच्या नखातला मळसुद्धा मला पाठ झाला, पण त्यानं मला एकदाही बघितलं नाही. माझा हात तिरपा गेला तर त्याचा सरळच जात होता.

आणखी एक गोष्ट मला फार थकवायची. व्हिडिओत गोंद लावतात, दाबून ठेवतात, आणि लगेच सकाळ होते. मधली रात्र कापून टाकलेली असते. आपल्याला ती पूर्ण काढावी लागते. आष्टीच्या बाजारातून आणलेला गोंद थंडीनं वाळायचा नाही. मी सकाळी उठून पहिलं स्टुलाला हात लावायचो, आणि चिकट लागलं की दिवसाचं तोंडच कडू व्हायचं.

उंचीची गोष्ट सांगायची राहिली. बिनबोल्यानं टेप लावून दाखवली होती, अठरा इंच. मी नुसता त्याच्यावर विश्वास ठेवणारा नाही. मी सुतळी घेतली, गजाननच्या मायला खाटेवर बसवलं आणि तळपायापासून गुडघ्यापर्यंत मापलं. किसनच्या टेपवर सुतळी धरली तर बराबर अठरा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कुठल्या मुलखातला तो माणूस, कुठली ही परतूर तालुक्यातली बाई, आणि माप एकच. किसनला बोलावून दाखवलं. मला वाटलं आता काही चुकायचं राहिलं नाही.

पौषात स्टूल तयार झालं. जड झालं, एका माणसाला उचलायला नको इतकं. एक पाय जरा बाहेर फाकलेला. पण त्याच्यावर उभं राहून मी उडी मारली तर हललं नाही. संक्रांत जवळ आल्ती. मी म्हणलं, आता गजानन आला की त्याची माय चुलीपुढं बसलेली दिसंल, आणि कोब्याची गोष्टच निघायची नाही. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी तिच्याच हातची होईल.

मनीषानं चूल पेटवली. भाकरी थापायची काठवट आणली, पीठ आणलं. किसन येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून. गजाननच्या मायनं डोक्यावरून पदर सारखा केला आणि स्टुलावर बसली. गुडघा फार वाकवावा लागला नाही. तिनं दोन्ही हात बैठकीच्या फळीवर फिरवले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं. तेवढं तरी माझं कुणी काढून घेऊ शकत नाही.

मंग ती चुलीकडं वाकली.

चूल खाली होती. जमिनीवर. जिथं ती कायम होती तिथं.

तिचा हात तव्यापर्यंत पोचायला ती पार दुमडली, पाठीतून कळ आली तशी सरळ झाली. काठवट जमिनीवर, हात अधांतरी. काठवट मांडीवर घेतली, ती कलंडली. एक भाकरी तिनं कशीबशी हातावर थापली आणि वरूनच तव्यावर सोडली. अर्धी तव्यावर पडली, अर्धी राखेत. धूर सरळ तिच्या तोंडात जात होता. ती खोकत राहिली.

किसननं चिडवलंसुद्धा नाही, ते मला सगळ्यात लागलं. त्यानं चिडवलं असतं तर मी भांडलो असतो.

“बसायला लई चांगलं झालंय,” ती म्हणली. “लई चांगलं.”

मी करवत उचलली. म्हणलं पाय कापतो. तिनं स्टुलावर हात ठेवला. “कापू नका. खाली घेतलं की म्या परत अडकनार.”

बरोबर होतं. पाय कापले तर गुडघा अडतो, नाही कापले तर चूल लांब. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. त्या लोकांच्या व्हिडिओत आग कधी जमिनीवर नसते. त्यांचं टेबल कमरेला, शेगडी कमरेला, खाणं कमरेला. त्यांच्या घरात अठरा इंचाच्या भोवती सगळं घर त्याच मापानं उभं आहे. मी स्टूल तिकडून आणलं आणि चूल इथली ठेवली. बायकोचा पाय सुतळीनं मापला, पण ती बसून काय करणार आहे ते मापलं नाही.

किसन म्हणला, “चालायचंच तात्या,” आणि गेला. मनीषानं राखेतली भाकरी उचलून गाईला टाकली आणि उरलेलं पीठ आत गॅसकडं नेलं.

मी सपराच्या मेढीला टेकून बसलो. दिवस मावळत होता. खांदे दुखत होते, अंगठा ठणकत होता, आणि वाटत होतं की आता गजाननला सांगावं, कर बाबा तुझा कोबा. मी हरलो म्हणून नाही. थकलो म्हणून. म्हातारपणी या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात.

ती अजून स्टुलावरच बसून होती. विझत्या चुलीकडं बघत. मंग म्हणली, “आवं, चूल वर घेता येती.”

“काय?”

“खाली दगडाचा ओटा घालायचा. त्याच्यावर चूल. काठवटीला बाजूला जागा सोडायची. ह्या उंचीला पुरंल असा.” तिनं हात हवेत धरून दाखवला. सुतळी नाही, टेप नाही. हात जिथं आपसूक थांबला तिथं.

चूल घालणं बाईचं काम. आमच्याकडं पुरुष चुलीच्या मातीला हात लावत नाही. गजाननच्या मायनं निम्म्या गल्लीच्या चुली घातलेल्या. नवी नवरी आली की तिला बोलावणं यायचं.

“घालनार कोन? तुला तर खाली बसता येत न्हाई.”

“म्या हितं बसून सांगते. हात तुमचे.”

“मी? चूल घालू?”

“त्या गोऱ्याचं ऐकता,” ती म्हणली, “बिनतोंडाच्या मानसाचं ऐकता, आन माजं ऐकाया काय झालं?”

मी उठून आत गेलो. पण तिला माझं असं उठून जाणं ओळखू येतं. ती मागून म्हणली, “काळी माती आनू नका. ती भेगा देती. नाल्याच्या कडंची पांढरी आना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं अजून तुरीत अडकलेलं होतं तेव्हा, मी घमेलं आणि कुदळ घेऊन नाल्यावर गेलो आणि पांढरी माती आणली. गोठ्यामागं पडलेले दगड आणले. मनीषानं स्टूल ओढत अंगणाच्या मधोमध आणलं, तिला धरून आणलं आणि बसवलं. मी धोतर वर खोसून मातीत बसलो. “गव्हाचा भुसा घालू का?” विचारलं तर तिनं कोपऱ्यातल्या ढिगाकडं बोट केलं, माझ्या बाभळीच्या भुशाकडं. “त्यो नुसता पडून काय कामाचा? घाला त्यात.” जुवाचा भुसा मातीत गेला. पाणी घातलं, तुडवलं, दगड रचले, वर मातीचा थर द्यायला लागलो. माती बर्फासारखी थंड होती आणि बोटं आखडत होती.

किसन बादली घेऊन चालला होता, तो थांबला. “काय तात्या, हे कोन्या चॅनलवर दाखवलं?”

माझे हात कोपरापर्यंत माखलेले होते. मी मान वर केली नाही.

“उजव्या अंगाला दाबा,” स्टुलावरून आवाज आला. “तिथं पोकळ राह्यलंय.”

मी दाबलं. अंगठा आत गेला. खरंच पोकळ होतं.